तूट

शाळेच्या काट्याचा सेल गेला होता, म्हणून
झांबऱ्यांनी कोल्ड स्टोअरेजमधला काटा आणला,
बेदाण्याचे बॉक्स ज्यावर चढतात तो,
टेम्पोत घालून, पोत्यानं झाकून.
पत्र्याच्या कोपऱ्यांत साखर चिकटलेली.
वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून दाखवलं मला,
"बाई, ग्रॅमला पक्का. तासगावात याच्यावर कुणी भांडत नाही."
आणि मुली आत यायच्या आधी आपणहून बाहेर गेले,
लिंबाखाली, तंबाखू मळत.

फॉर्मवर दोन रकाने.
पहिल्यात मुलीनं स्वतः लिहायचं, माझं वजन.
दुसऱ्यात मी.
मधे फक्त एक उभी रेघ.

प्राजू बिरनाळे चढली ती श्वास रोखून,
जणू हवेलाही वजन असतं.
(असतं. मीच शिकवलंय, आठवीत, दोन फुगे बांधून.)
एकीनं बांगड्या काढल्या, मग कानातलं, मग पिना,
टेबलावर रांग लावली,
शेवटी हळूच, "बाई, वेणी सोडली तर?"
रुकसार शिकलगारनं चार किलो वाढवून लिहिले.
तिच्या कार्डावर कुणीतरी लाल पेनानं 'कमी' लिहिलंय
आणि तेव्हापासून घरी तिच्या ताटाकडे
सगळे बघत बसतात.

तेजल झांबरेनं लिहिलं होतं सेहेचाळीस,
पेन इतकं दाबून की आकडा कागदामागून हाताला लागावा.
काटा त्रेपन्नवर गेला आणि थांबेना,
पूर्णांक दोन, पूर्णांक सहा, पुन्हा दोन,
कारण ती थरथरत होती.
"हा चुकतोय," ती म्हणाली.
ज्याच्यावर तिचं घर चालतं, त्या काट्याला.
मी म्हटलं, उतर.
त्रेपन्न पूर्णांक चार लिहिलं.

मुलगे दुसऱ्या दिवशी.
ओजस मगदूम सत्तावन्न, कारण तो सत्तावन्नच्या गटात लढतो,
मग भरो काहीही.
बारक्या म्हेत्रेच्या खिशांत कंपासपेटी, कुलूप
आणि कुणाच्या तरी सायकलची चेन.

रात्री बेरीज करत बसले. कुणी सांगितली नव्हती.
सव्वीस मुलींनी मिळून कागदावरून
अठ्ठेचाळीस किलो उतरवले होते.
बाजारात याला तूट म्हणतात, बॉक्समागे थोडी धरतातच.
पण अठ्ठेचाळीस किलो म्हणजे
हजेरीत नसलेली एक अख्खी मुलगी.
कुठल्या बाकावर बसवू तिला?

चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा,
हे इथं बालवाडीतल्या पोराला येतं.
पाणी जातं, भाव चढतो.
हे गणित पोरींना स्वतःवर करायला कुणी शिकवलं?
मी नाही, असं म्हणून वही मिटली.
मग आठवलं, गॅदरिंगच्या नाचात
पुढच्या रांगेला मी कुणाला घेतलं होतं
आणि तेजलला म्हटलं होतं,
तू मागे छान दिसशील.

तिसऱ्या दिवशी झांबरे काटा न्यायला आले.
साखरेवर पावलं उमटलेली, बोटांसकट.
ओल्या फडक्यानं पुसता पुसता,
वर न बघता विचारलं, "आमच्या तेजूचं किती भरलं?"
दोन्ही रकाने माझ्या काखेत.
मी म्हटलं, "चांगलं भरलं."

सौद्यात याहून मोठं कौतुक नाही.
चेहरा असा उजळला त्यांचा,
फडकं तसंच हातात धरून लेकीकडे वळले.
ती टेम्पोच्या पलीकडे उभी होती,
दप्तर पोटाशी घट्ट.
ऐकलं होतं तिनं.

पुढे बापाशेजारी जागा होती.
ती मागे चढली,
काट्याला हात न लावता
त्याच्याशेजारी उभी राहिली.